टाकाऊ वस्तूंचे ठसठशीत दागिने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकायला येणारे, प्रदर्शनात स्टॉलपाशी थांबणारे आणि घेतलेला दागिना दुरुस्तीला आणणारे लोक जे पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. क्रम महत्त्वाचा नाही. फक्त बिया, जुनी घड्याळं आणि वायरी यांबद्दलची उत्तरं काम सुरू करण्याआधी नक्की वाचा.

सायकलच्या ट्यूबला आणि नळाच्या पितळेला दागिना कसं म्हणायचं? दागिना म्हणजे सोनं-चांदी ना?

सोनं मोडीत घातलं तरी पैसे परत येतात. ती सोय इथे नाही, हे आधीच सांगते. इथली किंमत हाताच्या कामाची आणि कल्पनेची असते.

पण कोणता धातू किमती, हेसुद्धा काळ ठरवतो. 1850 च्या दशकात पॅरिसमध्ये ॲल्युमिनियमचे दागिने घडत होते, कारण तेव्हा तो धातू दुर्मीळ आणि महाग होता. 1886 मध्ये विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम मिळवण्याची स्वस्त पद्धत सापडली आणि आज त्याचे कॅन आपण पिऊन फेकतो. 1813 मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी प्रशियातल्या बायकांनी सोन्याचे दागिने दिले आणि त्याबदल्यात मिळालेले लोखंडाचे दागिने अभिमानाने घातले. 1967 साली हॉलंडच्या खाइस बाकर यांनी धुराड्याच्या नळीच्या आकारावरून ॲल्युमिनियमचा गळ्यातला दागिना केला. त्यात एकही खडा नव्हता, पण आधुनिक दागिन्यांच्या इतिहासात त्याला कायमची जागा मिळाली.

आपल्याकडे तर हे नवीन नाहीच. बस्तरचं ढोकरा काम, म्हणजे मेणाचा साचा वापरून केलेलं धातूचं ओतकाम, भंगारातल्या पितळेवर चालत आलं आहे. बंजारा बायकांच्या अंगावर नाणी, कवड्या आणि आरसे असतात. मळलेली, वापरून झालेली वस्तू अंगावर दिमाखाने मिरवणं या मातीत जुनं आहे.

ठसठशीत म्हणजे मोठाच का?

नाही. नवीन शिकणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ याच गैरसमजात जातो. मोठं पदक, त्याला मोठे मणी, वर गोंडे, खाली घुंगरू: एवढं सगळं एकत्र आलं की डोळा कुठेच थांबत नाही. दागिना ठसतो तो एका निर्णयामुळे. एकच आकार, एकच पोत किंवा एकच रंग पुढे करायचा आणि बाकी सगळ्यांनी त्याला जागा द्यायची.

कोल्हापुरी साज बघा. त्यात एकवीस वेगवेगळी पदकं आहेत. मासा, कासव, भुंगा असं प्रत्येकाचं रूप निराळं. तरी साज गोंधळलेला दिसत नाही, कारण पदकांचं माप जवळपास सारखं असतं आणि मध्ये येणारे मणी एक ठेका धरून ठेवतात. टाकाऊ वस्तूंत हे फार उपयोगी पडतं. तुमच्याकडे बारा किल्ल्या आहेत आणि बाराही वेगळ्या आहेत, तर त्यांना जोडणारी कडी आणि मधलं अंतर एकसारखं ठेवा. लगेच त्यांचा एक परिवार होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मोकळी जागा. ट्यूबमधून कापून काढलेली भोकंही नक्षीच असतात, त्यांतून कपड्याचा रंग दिसतो. तिसरी गोष्ट हालचाल. चालताना डुलणारं हलकं काहीतरी, स्थिर बसलेल्या जड पदकापेक्षा लांबून जास्त दिसतं.

माझी पद्धत अशी: कागदावर खऱ्या मापाचा आकार कापायचा, गळ्याशी धरून आरशापासून दहा पावलं मागे जायचं. तिथून आकार वाचता आला तर पुढे जायचं. नाही आला तर बारकावे वाढवून काही होत नाही, आकारच बदलावा लागतो.

सुरुवात कशापासून करावी?

सायकलची ट्यूब, जुन्या साडीचा काठ आणि तांब्याची तार. तिन्हींच्या कामाला आगीची गरज पडत नाही, कात्री आणि पक्कड पुरते, आणि बिघडलं तर फार नुकसान नाही. काच, पितळ आणि डाक देण्याचं, म्हणजे धातू तापवून सांधण्याचं, काम नंतर.

ट्यूबचा दागिना नेमका कसा करतात?

पंक्चरवाल्याकडे जा. खराब ट्यूब तो बहुतेक वेळा सहज देतो. ट्रकची ट्यूब जाड आणि रुंद असते, गळ्यातल्या मोठ्या कामाला चांगली. सायकलची पातळ असते, कानातल्यांना आणि पानाफुलांच्या बारीक नक्षीला बरी.

आधी ट्यूब उभी चिरून सपाट करायची. आत शंखजिऱ्याची पावडर असते, बाहेर ग्रीस. भांडी घासायच्या साबणाने दोन्ही बाजू चांगल्या घासून सावलीत वाळवायच्या. वास लगेच जात नाही, काही दिवस वाऱ्यावर टांगून ठेवावं लागतं. मग उलट्या बाजूवर पांढऱ्या पेन्सिलीने नक्षी काढून धारदार पात्याने कापायचं. गोल भोकांसाठी चप्पल शिवणाऱ्यांकडे असतो तसा पंच वापरा. कात्रीने कापलेलं भोक कोपऱ्यात फाटायला लागतं आणि रबर एकदा फाटलं की ती चीर पुढे पळते. म्हणून प्रत्येक चिरेच्या टोकाला आधी पंचाने लहान गोल भोक पाडायचं आणि मग तिथपर्यंत कापत यायचं.

रबराचं सौंदर्य ते सपाट असताना कळत नाही. पट्टीला एका बाजूने बारीक चिरा देऊन गुंडाळली की शेवंतीसारखं फूल उमलतं. गोल चकत्या एकावर एक रचल्या की माशाच्या खवल्यांसारखा पोत येतो. शेवटी खोबरेल लावू नका, तेलाने रबर हळूहळू सैल आणि चिकट होतं. कोरड्या फडक्याने पुसलं तरी पुरे.

दोन सावधगिऱ्या. रबरात गंधक असतं, त्यामुळे त्याच्याजवळ ठेवलेली चांदी काळी पडते. अशा दागिन्यात चांदीची कडी घालू नका आणि तो चांदीच्या डब्यात ठेवू नका. आणि ज्यांना लेटेक्सची ॲलर्जी आहे त्यांनी रबराच्या वाटेला न गेलेलंच बरं, कारण ट्यूब नैसर्गिक रबराची की कृत्रिम, हे नुसतं बघून सांगता येत नाही.

तांब्याची तार कुठून आणायची आणि किती जाड?

जळलेल्या मोटारी पुन्हा भरून देणारे वायंडिंगवाले आणि भंगारवाले. मोटारीच्या तारेवर इनॅमलचा थर असतो, तो पॉलिश पेपरने निघतो. घरातल्या विजेच्या वायरीचं प्लॅस्टिक मात्र पात्याने सोलून काढा. ते जाळून तार मोकळी करण्याची पद्धत सगळीकडे दिसते, पण त्या पीव्हीसीच्या धुरातून हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन बाहेर पडतात. ते तुमच्या आणि शेजारच्या मुलांच्या फुप्फुसात जातं. भंगारवाल्याकडे जाळलेली, काळपट तार दिसली तर ती घेऊ नका.

जाडी नेहमी मिलिमीटरमध्ये मागा. आपल्या दुकानांत चालणारं 20 गेज म्हणजे सुमारे 0.91 मिमी, तर अमेरिकन व्हिडिओत सांगितलेलं 20 गेज म्हणजे 0.81 मिमी. कानात जाणाऱ्या आकड्याला 0.8 मिमी, कड्यांना 1 मिमी, मणी गुंडाळायला 0.4 मिमी, आणि गळ्यातल्या हाश्याला, म्हणजे ताठ गोल कड्याला, 3 मिमीच्या पुढे.

वाकवत गेलं की तांबं ताठ होत जातं आणि शेवटी तुटतं. मध्येच मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकलं की पुन्हा नरम पडतं. उलट, पूर्ण झालेल्या आकड्याला ताठपणा हवा असेल तर ऐरणीवर हलक्या हाताने ठोका. ठोकलेल्या तांब्यावर प्रकाश कसा खेळतो हे बघायचं असेल तर पुण्यातल्या कसबा पेठेतली तांबट आळी आहे. तिथलं मठारकाम बघताना हातोडीच्या खुणांमधलं अंतर किती सारखं असतं याकडे लक्ष द्या.

डाक देता येत नाही. तरी धातूचं काम जमेल?

जमेल, आणि छान जमेल. शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी आयुष्यात सुमारे 1,800 दागिने केले. बहुतेक पितळी आणि इतर तारांचे, ठोकून सपाट केलेले, कुठे काचेचा किंवा भांड्याचा तुकडा तारेत पकडलेला. डाक ते जवळजवळ वापरतच नसत, तार तारेवर गुंडाळून किंवा रिव्हेट मारून जोड देत. जोड लपवता येत नाही तेव्हा तोच नक्षी होतो. दोन पत्रे जोडायला भोक पाडा, आरपार तार घाला, दोन्ही टोकं हळूहळू ठोकून पसरवा, झाला रिव्हेट.

जुने पितळी नळ, दिवे, कुलपं वापरू का?

कुलपं, दिव्यांचे भाग, दाराच्या कड्या, भांड्यांचे कान जरूर वापरा. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार आणि तुमच्या गावातला मोडवाला इथे भरपूर मिळतील. नळ आणि पाइपच्या जोडांच्या पितळेत मात्र कापायला सोपं जावं म्हणून शिसं मिसळलेलं असू शकतं. ते लहान मुलांच्या दागिन्यात किंवा तोंडाशी जाईल अशा कशातच नको. कानस मारताना मास्क लावा, खाली कागद अंथरा आणि चुरा ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आजीची पैठणी फाटली आहे. कापू का?

आधी साडीची जर तपासून घ्या. जुन्या साड्यांच्या जरीत अनेकदा खरी चांदी असते आणि ती विकत घेणारे लोक आजही फिरतात. चांदी असली तर विकायचीच असं नाही, पण आपण काय कापतो आहोत हे माहीत असावं. साडी मधून विरली असेल आणि काठ-पदर शाबूत असतील तर तिचं खरं आयुष्य अजून बाकी आहे.

काठाची पट्टी खळ लावलेल्या सुती कापडावर बारीक धावदोऱ्याने शिवून घ्या, गोधडीला घालतो तशी. गोंदाने चिकटवलेली जर काळी पडते आणि पट्टी वाकवली की सुटते. पदरावरचा मोर अख्खा वापरण्याचा मोह होतो. माझ्या मते अर्धा मोर, म्हणजे मान आणि पिसाऱ्याचा एक तुकडा, गळ्यात जास्त उठून दिसतो. अख्खा मोर साडीवर शोभतो, गळ्यात त्याचा बिल्ला होतो.

खण आणि इरकलचे तुकडे शिंप्यांकडे मिळतात. ब्लाउज बेतून उरलेल्या त्रिकोणी चिंध्या कानातल्यांच्या आकाराच्याच असतात.

बिया वापरायच्या आहेत. गुंजा किती सुंदर दिसतात!

गुंज नको. लाल-काळी गुंज सोनाराच्या तागडीत वजन म्हणून बिनधोक चालली, कारण तिथे तिचं टणक कवच शाबूत असतं. तिला भोक पाडलं की आतलं ॲब्रिन हे अतिशय जहाल विष उघडं पडतं. भोक पाडताना उडणारी पूड धोक्याची, आणि माळेतली बी एखाद्या मुलाने चावून गिळली तर जीव जाऊ शकतो. बाजारात गुंजेच्या माळा मिळतात म्हणून त्या सुरक्षित ठरत नाहीत.

त्याऐवजी कर्दळीच्या काळ्या बिया घ्या, रिठ्याच्या घ्या, सागरगोटे घ्या. राखाडी सागरगोट्याला इतकी सुंदर झिलई असते की पॉलिशही लागत नाही, फक्त भोक सावकाश पाडावं लागतं. बिया आधी कडक उन्हात वाळवा आणि आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे आतली कीड मरते. नाहीतर माळेतून भुंगे निघतात.

करवंटी?

कोकणात आणि गोव्यात तिची कमतरता नाही, आणि हाडासारखी घट्ट असते. 80 नंबरच्या पॉलिश पेपरने सुरू करून 120, 220, 400 असं चढत जा, शेवटी खोबरेल तेलाचा हात फिरवा. लॅकर मारला तर ती प्लॅस्टिकसारखी दिसते. पूड खूप उडते, मास्क हवाच.

समुद्रावर सापडलेले शंख, पोवळी किंवा मोरपीस चालेल?

झडलेलं मोरपीस देशात वापरता येतं, पण परदेशी पाठवता येत नाही. मुलीला अमेरिकेत कानातले पाठवायचे असतील तर मोरपिसाचे नकोत. प्रवाळ, समुद्रपंखे आणि शंखांच्या काही जाती वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत, किनाऱ्यावर मेलेले सापडले तरीही. वाघनख आणि हस्तिदंत तर आजोबांच्या पेटीतले असले तरी त्यांना हात लावू नका. किनाऱ्यावरून आणायचंच असेल तर लाटांनी गुळगुळीत केलेली बाटलीची काच आणा. तिच्यासारखा धुरकट हिरवा रंग दुकानात मिळत नाही आणि किनाराही तेवढा साफ होतो.

घड्याळाचे भाग आणि सर्किट बोर्ड?

घड्याळाची चाकं फार देखणी असतात. पण 1960 च्या दशकापर्यंतच्या, अंधारात चमकणाऱ्या काट्यांच्या घड्याळांत रेडियमचा रंग असे. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, रेडियमचं अर्धायुष्य सुमारे 1,600 वर्षं आहे. असं घड्याळ उघडूसुद्धा नका.

सर्किट बोर्ड काचतंतूंचा असतो, कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला वाईट, आणि जुन्या बोर्डांच्या डाकात शिसं असतं. कापायचाच तर ओला करून, मास्क लावून, उघड्यावर कापा आणि मागची बाजू कापडाने किंवा चामड्याने मढवा. खरं सांगायचं तर आता ते दागिने इतके झाले आहेत की मी त्यांच्या मागे लागत नाही.

कान ओघळणार नाहीत असे मोठे कानातले कसे करायचे?

एका कानात 10 ग्रॅम ही मी घालून घेतलेली मर्यादा आहे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर नव्हे, सोनारी छोट्या काट्यावर तोला. आकार मोठा आणि वजन कमी हवं असेल तर पोकळ करा. साजाचे मणीही भरीव नसतात, पातळ पत्र्यात लाख भरलेली असते. आपल्याकडे कागदाचा लगदा, करवंटी, रबर आणि रिकामा ॲल्युमिनियम कॅन आहे. कॅनचा पत्रा जेमतेम 0.1 मिमी, त्यामुळे वजन नगण्य. पण धार ब्लेडसारखी, म्हणून कडा दुमडल्याशिवाय कोणाच्याही हातात देऊ नका.

आणि वेल विसरू नका. जड झुब्यांचं ओझं केसांत अडकवणारी मोत्यांची सर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. ट्यूबच्या मोठ्या कानातल्यांना तांब्याच्या साखळीचा वेल लावला तर वजनही वाटलं जातं आणि चेहऱ्याभोवती एक रेषा तयार होते.

मला खाज सुटते. काय घालू?

बहुतेक वेळा निकेल कारणीभूत असतं. बाजारात ऑक्सिडाइज्ड म्हणून मिळणारे बरेच दागिने जर्मन सिल्व्हरचे असतात. त्यात चांदी मुळीच नसते, तांबं, जस्त आणि निकेल असतं. युरोपीय संघात त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटर 0.5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये आणि टोचलेल्या छिद्रात जाणाऱ्या भागासाठी ही मर्यादा 0.2 आहे, एवढा हा प्रश्न गंभीर धरतात. दागिना कशाचाही असो, कानाच्या छिद्रातून जाणारी तार टायटॅनियमची किंवा चांगल्या चांदीची मागा. तांब्याने त्वचा हिरवी होते ती ॲलर्जी नसते, साबणाने निघते.

रेझिनमध्ये फुलं, वर्तमानपत्रं ओतून केलेले दागिने पर्यावरणपूरक ना?

मला तसं वाटत नाही. कागद एकदा इपॉक्सीत गेला की तो ना कुजत ना पुन्हा वापरता येत. उन्हात रेझिन पिवळं पडतं, आणि ओतताना हातमोजे नसतील तर कायमची ॲलर्जी जडू शकते. जिथे पर्याय नाही तिथेच वापरते. वर्तमानपत्राचे मणी हवे असतील तर लांब निमुळत्या त्रिकोणी पट्ट्या सुईवर गुंडाळा, गोंद लावा, वार्निशचे दोन हात द्या. पावसात भिजू दिले नाहीत तर बराच काळ टिकतात.

याच हिशेबाने, नवीन वस्तू विकत घेऊन तिला जुनाट रूप द्यायचं काम आम्ही करत नाही.

ओवणी आणि फासा यांवर एवढा भर का?

कारण भंगार आणि दागिना यांच्यातला फरक मागच्या बाजूला असतो. पुढून सगळ्यांचंच चांगलं दिसतं. उलटं करून बघा: कडेला बोट फिरवलं तर टोचतं का, कडीचं तोंड पूर्ण मिटलंय का, गाठ सुटेल का, फासा एका हाताने लावता येतो का.

जड माळ नायलॉनच्या दोऱ्यात ओवू नका, पितळी मण्यांच्या कडांवर तो कापला जातो. पटवेकऱ्याकडे द्या. रेशमाच्या किंवा सुती दोऱ्यात, दर मण्याला गाठ मारून, मागे सरकता गोंडा लावून तो माळ गाठवून देतो. सरकत्या गोंड्यामुळे एकच माळ आखूडही होते आणि लांबही, म्हणजे आईला आणि मुलीला दोघींना बसते. आज हे काम करणारे कमी उरले आहेत. सोन्याच्या माळेइतकंच त्यांना ट्यूबच्या माळेचं काम द्या आणि तेवढीच मजुरी द्या.

वस्तू फुकट मिळाली, मग दागिना एवढा महाग का?

ट्यूब फुकट मिळते. ती धुणं, वास घालवणं, चांगला भाग निवडणं, हाताने कापणं यांत दिवस जातात, आणि निम्मा माल निवडतानाच बाद होतो. विकणाऱ्यांनी किंमत ठरवताना मजुरीचे तास आधी लिहावेत, मग कडी-फासा, पटवेकरी, स्टॉलचं भाडं आणि शेवटी नफा. वस्तू फुकट म्हणून मजुरी सोडली तर पुढच्या वर्षी तुम्ही हे काम करत नसाल. दागिन्यासोबत एका चिठ्ठीवर काय-काय वापरलं ते स्पष्ट लिहा, निकेल आणि रबरासकट.

पावसाळ्यात कसे जपायचे?

सुती पिशवीत, तांदळाच्या पुरचुंडीसोबत. तांबं-पितळ काळवंडलं तर चिंच किंवा लिंबू-मीठ लावून लगेच धुऊन कोरडं करा, पण ज्या दागिन्यात कापड, कागद किंवा बी आहे तो भिजवू नका. अत्तर आधी, दागिना नंतर.

तुटला तर?

सगळे तुकडे डबीत घालून आणा, दोऱ्यासकट. दोरा बघून कळतं की तो कुठे कापला गेला आणि कोणत्या मण्याची कड घासायची राहिली होती. हरवलेल्या किल्लीसारखी दुसरी किल्ली मिळणार नाही, म्हणून तिच्या जागी काय बसवायचं ते तुम्हीच घरून घेऊन या: जुन्या कपाटाची, सायकलच्या कुलपाची, कसलीही. भोक आम्ही पाडून देऊ.